मिग फ्लॅशकार्ट: जुन्या स्विचवर ठीक, स्विच २ मध्ये नको

मिग नावाचं फ्लॅशकार्ट, म्हणजे अनेक गेमच्या प्रती एकाच कॅसेटमधून चालवणारी वस्तू, मी माझ्या जुन्या स्विच लाइटवर, निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावर, वापरते आणि वस्तू म्हणून त्याला नावं ठेवायला फारशी जागा नाही. तरीही ज्याच्याकडे स्विच २, म्हणजे त्यानंतरचं नवं यंत्र, आहे त्याने ते घेऊ नये, कुणी फुकट दिलं तरी लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि जो जुन्या कॅसेट्स घेतो-विकतो, त्याने तर जास्तच जपावं. दुकानात विचाराल तर यातलं कुणी काही सांगत नाही. तिथे ‘चालतं मॅडम, बिनधास्त घ्या’ एवढंच ऐकू येतं. म्हणून हा लांबलचक प्रपंच.

मी बदलापूरला राहते आणि ठाण्यात एका फर्ममध्ये लोकांचे जीएसटीचे रिटर्न भरते. गेम खेळायचा वेळ म्हणजे जाता-येता लेडीज डबा, तोही बसायला मिळालं तर. उभ्याने खेळता येतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा सकाळी आठच्या सुमारास बदलापूर स्टेशनवर यावं. स्विचची कॅसेट अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी. चालत्या गाडीत बदलताना ती निसटली की गेली सीटखाली, चपलांच्या गर्दीत. आणि त्या एवढ्याशा प्लास्टिकला साडेतीन-चार हजार मोजलेले असतात. सगळ्या कॅसेट्स घरी कपाटात राहाव्यात आणि पर्समध्ये एकच असावी, एवढ्यासाठी मी मिगच्या नादी लागले.

मिग दिसायला हुबेहूब स्विचची कॅसेट. फक्त त्यात एक खाच आहे आणि तिच्यात मायक्रोएसडी कार्ड बसतं. २०२४ च्या सुरुवातीला ते बाजारात आलं, किंमत साठ डॉलरच्या आसपास. मला दुबईहून येणाऱ्या एका नातेवाइकांनी आणून दिलं. आकार नेमका आहे, आत-बाहेर करताना अडकत नाही, स्विच लाइटच्या वरच्या झाकणाखाली व्यवस्थित बसतं. (खऱ्या कॅसेटवर लहान मुलांनी ती तोंडात घालू नये म्हणून डेनाटोनियम बेन्झोएट नावाचं जहाल कडू रसायन लावलेलं असतं. मिगची चव मी पाहिलेली नाही. परीक्षणालाही काही मर्यादा असते.)

बरोबर डंपर नावाची एक वेगळी डबी घ्यावी लागते. ती यूएसबीने लॅपटॉपला जोडायची आणि आपली खरी कॅसेट तिच्यात खोचायची, की लॅपटॉपवर पेनड्राइव्ह उघडावा तशी ती उघडते आणि गेमची फाइल उतरवून घेता येते. गेम मोठा असेल तर तेवढ्यात चहा करून, पिऊन, कप विसळून होतो. फाइल एकटी येत नाही. त्या विशिष्ट कॅसेटची ओळख सांगणाऱ्या छोट्या फाइल्सही बरोबर येतात, आणि त्यांत एक असतं सर्टिफिकेट. पुढची सगळी भानगड या सर्टिफिकेटची आहे.

वापरायला मिग थोडं अडाणी आहे. मेनू नाही. कार्डावर दहा गेम असले तरी स्विचला एका वेळी एकच दिसतो, आणि पुढचा हवा तर मिग बाहेर काढून पुन्हा आत घालायचं. हवा तो गेम येईपर्यंत हेच. कार्डावर थोडेच गेम ठेवले तर याचा त्रास होत नाही, पण ज्यांना एका कार्डावर दोनशे गेम कोंबायचे आहेत त्यांचा अंगठा दुखेल. गेम एकदा सुरू झाला की खऱ्या कॅसेटमध्ये आणि यात मला काही फरक जाणवला नाही. लोड व्हायला तेवढाच वेळ, मध्येच अडकणं नाही. सेव्ह कॅसेटवर नसतातच, ते कन्सोलच्या, म्हणजे खेळायच्या यंत्राच्या, पोटात असतात, त्यामुळे झेल्डाचा जो डाव मी खऱ्या कॅसेटवर अर्धा सोडला होता तो मिगवर तिथूनच पुढे सुरू झाला.

काय होत नाही तेही ऐका. ई-शॉपवरून, म्हणजे निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानातून, विकत घेतलेले डिजिटल गेम यावर चढत नाहीत, कारण हे फक्त कॅसेटची नक्कल करतं. अपडेट आणि डीएलसी, म्हणजे गेमचे जोड-भाग, यावर येत नाहीत, ते कंपनीच्या सर्व्हरवरूनच घ्यावे लागतात. इथेच पहिली गोम आहे. आजकाल कितीतरी गेम कॅसेटवर अर्धेकच्चे येतात आणि पहिल्या दिवसापासून त्यांना अपडेट लागतं. म्हणजे वस्तू अशी की जी कन्सोल ऑफलाइन असेपर्यंतच सुखात वापरावी, आणि गेम असे की जे तुम्हाला सारखे ऑनलाइन बोलावतात. मी माझा स्विच लाइट कायम एअरप्लेन मोडवर ठेवते. त्यामुळे क्लाउडवर सेव्ह जात नाहीत. कन्सोल बिघडला तर सगळे डाव गेले. ते मला मान्य आहे, तुम्हाला असेल असं नाही.

आता आपल्याकडची परिस्थिती. निन्टेन्डो भारतात स्विच अधिकृतपणे विकतच नाही. जे काही मिळतं ते लॅमिंग्टन रोडवरून, हिरा पन्नामधून, ऑनलाइन विक्रेत्यांकडून किंवा परदेशातल्या काका-मामांच्या बॅगेतून. भारताचं ई-शॉप नाही, म्हणून बहुतेक जण अमेरिकेचं खातं काढतात आणि गिफ्ट कार्डांवर गेम घेतात. वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. अशा ठिकाणी खेळणाऱ्याला परवडायला लावणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे जुन्या कॅसेट्सची देवाणघेवाण. नवा गेम घ्यायचा, संपवायचा, हजार-बाराशेचं नुकसान सोसून विकायचा आणि त्या पैशात दुसरा घ्यायचा. मी आणि माझ्या ओळखीचे बरेच जण याच चक्रावर जगतो. डिजिटल गेम विकता येत नाही, कॅसेट विकता येते. फ्लॅशकार्टमुळे नेमकं याच चक्राला नख लागतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. सगळे आपला कन्सोल बॅन होईल का, म्हणजे कंपनी त्याला ऑनलाइन यायला बंदी करेल का, एवढंच विचारतात.

स्विचची प्रत्येक कॅसेट वेगळी असते. गेम तोच, पण तुमच्या कॅसेटचं सर्टिफिकेट आणि माझ्या कॅसेटचं सर्टिफिकेट वेगळं, आणि त्यावर कंपनीची डिजिटल सही, जी घरी बसून कुणाला बनवता येत नाही. स्विचच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका हॅकरने २०१८ मध्येच हे सविस्तर मांडलं होतं: कॅसेटवरचा गेम ऑनलाइन जायला लागला की कन्सोल सर्व्हरला हे सर्टिफिकेट दाखवतो आणि सर्व्हर ते तपासून मगच आत सोडतो. जुन्या कॅसेट्स घेणाऱ्यांना याचा अनुभव नकळत आलेलाच आहे. कॅसेटवर निन्टेन्डोचे गोल्ड पॉइंट्स, म्हणजे पुढच्या खरेदीत वापरायचे गुण, मिळायचे, आणि सेकंडहँड कॅसेट लावली की ‘पॉइंट्स आधीच घेतलेले आहेत’ असं उत्तर यायचं. कॅसेट एकेक करून ओळखता येत असल्याशिवाय हे शक्य नव्हतं. ती पॉइंट्सची योजना मार्च २०२५ मध्ये बंद झाली, ओळख पटवणं अर्थातच चालू आहे.

माझ्या कामातलं उदाहरण देते. खरेदीदाराचं नाव नसलेल्या एकाच बिलाच्या दोन सारख्या प्रती घेऊन दोन व्यापारी आले आणि दोघेही मूळ बिल माझंच म्हणाले, असं समजा. त्यातला खरा खरेदीदार कोण आणि लबाड कोण, हे नुसत्या प्रतींवरून कळत नाही. दोघांनी कागद घेऊन उभं राहायचं. कॅसेटच्या सर्टिफिकेटचंही तसंच. एक सर्टिफिकेट डोंबिवलीत आणि त्याच वेळी साओ पाउलोत ऑनलाइन दिसलं, तर सर्व्हरला एवढंच कळतं की यातली एक तरी नक्कल आहे.

म्हणून इंटरनेटवरून उतरवलेली फाइल मिगवर टाकणं हे सगळ्यात धोक्याचं. तीच फाइल, तेच सर्टिफिकेट हजारो लोक वापरत असतात. स्वतःची कॅसेट स्वतः डंप केली, म्हणजे डंपरने उतरवली, आणि मूळ कॅसेट कपाटात पडून आहे, तर निदान सर्टिफिकेट एकाच घरात आहे. पण स्विच २ आल्यावर हेही समाधान राहिलं नाही.

स्विच २ आला ५ जून २०२५ ला. मिग त्यावर आधी चाललंच नाही. मग मिगवाल्यांनी नवं फर्मवेअर, म्हणजे मिगच्या आतलं सॉफ्टवेअर, काढलं आणि ते चालू लागलं, तेही फक्त जुन्या स्विचच्या गेम्ससाठी, स्विच २ च्या गेम्ससाठी नव्हे. त्यानंतर थोड्याच दिवसांत लोकांच्या पडद्यावर २१२४-४५०८ हा एरर कोड यायला लागला. अर्थ असा की या कन्सोलवरून ऑनलाइन सेवा वापरायला निन्टेन्डोने मनाई केली आहे. जून महिना संपेपर्यंत हा आकडा स्विच खेळणाऱ्या सगळ्यांना पाठ झाला होता. यात आम्ही आमच्याच कॅसेट्सच्या प्रती चालवल्या, असं सांगणारेही होते. सर्व्हरला मिग नेमकं कसं ओळखू आलं याची चर्चा तेव्हापासून चालू आहे, पण ओळखू येतं एवढं पुरेसं आहे.

बातम्यांमध्ये सगळीकडे ‘ब्रिक केला’, म्हणजे यंत्र विटेसारखं निकामी केलं, असं आलं. ते खरं नाही. बॅन झालेला स्विच २ चालू होतो, आधी उतरवलेले गेम चालतात, पूर्ण गेम असलेली कॅसेट लावली तर ती चालते. बंद होतं ते बाकीचं सगळं: ई-शॉप, ऑनलाइन खेळ, गेमचॅट म्हणजे खेळता-खेळता बोलायची सोय, गेमचे अपडेट, आधी पैसे भरून घेतलेले डिजिटल गेम पुन्हा उतरवणं. फॅक्टरी रीसेट करून उपयोग नाही, कारण बॅन खात्यावर नसून त्या यंत्रावर असतो. तुमचं खातं दुसऱ्या कन्सोलवर नेऊन वापरता येतं, पण कंपनीने स्वतः बॅन उठवला नाही तर हा कन्सोल आयुष्यभर ऑफलाइन.

जुन्या स्विचवर अशी वेळ आली असती तर एक वेळ निभावलं असतं. स्विच २ वर गेम-की कार्ड नावाचा प्रकार आहे. डबा तसाच, कॅसेट तशीच, पण कॅसेटवर गेम नसतो, फक्त किल्ली असते. गेम सर्व्हरवरून उतरवायचा आणि पुढे खेळताना प्रत्येक वेळी कॅसेट लावायची. स्ट्रीट फायटर ६ असाच आहे, ब्रेव्हली डिफॉल्टही. सायबरपंक २०७७ मात्र ६४ जीबीच्या खऱ्या कॅसेटवर मिळतो, त्याबद्दल त्या कंपनीला माझा नमस्कार. बॅन झालेल्या कन्सोलमध्ये गेम-की कार्ड घातलं तर ते काहीही कामाचं नाही, कारण किल्ली हातात आहे आणि दारापर्यंत जायला रस्ताच नाही. बाहेरच्या कंपन्यांचे स्विच २ चे कितीतरी गेम याच पद्धतीने येतात, तेव्हा बॅन म्हणजे ‘ऑनलाइन खेळणार नाही, बस्स’ एवढ्यावर भागत नाही. पन्नास हजारांच्या आसपास मोजून आणलेल्या यंत्रावर निम्मी दुकानं बंद.

कंपनीने मे २०२५ मध्ये, म्हणजे स्विच २ यायच्या तोंडावर, आपल्या अमेरिकेतल्या करारात बदलही केला होता. नियम मोडलेत तर तुमचं यंत्र पूर्णतः किंवा अंशतः कायमचं निरुपयोगी करायचा अधिकार आम्ही ठेवतो, अशा अर्थाचं कलम त्यात आलं. साओ पाउलोच्या प्रोकॉन-एसपी या ग्राहक संरक्षण संस्थेने त्याला हरकत घेतली. आपण भारतातून अमेरिकेचं खातं काढतो तेव्हा ‘आय ॲग्री’ दाबून हाच करार मान्य करतो. हरकत घ्यायची तर कुणाकडे? इथे कंपनीचं दुकान नाही, सर्व्हिस सेंटर नाही, दाद मागायला दार नाही.

माझा भाचा डोंबिवलीला असतो, अकरावीत आहे. दादाच्या मित्राने अमेरिकेहून त्याच्यासाठी स्विच २ आणला. माझं मिग त्याने पाहिलं आणि लगेच मागितलं.

“आत्या, वाय-फाय बंद ठेवतो ना मी. कुणाला कळणार आहे?”

“मित्रांबरोबर मारिओ कार्ट वर्ल्ड कसं खेळणार मग?”

“तेव्हा मिग काढून ठेवीन, ऑनलाइन जाईन, परत येऊन मिग लावीन.”

“आणि विसरलास की?”

“नाही गं विसरणार!”

हा मुलगा हॉल तिकीट घरी विसरून परीक्षेला गेला होता. मी मिग दिलं नाही. वहिनीने मध्ये पडून ‘दे गं, चार दिवस खेळेल’ असं सांगितलं, तरी नाही दिलं. पण विसरण्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी त्याच्या योजनेत दम नाही. सुरुवातीच्या स्विच २ ला जुन्या स्विचचे गेम चालवायलाच आधी ऑनलाइन जाऊन सिस्टिम अपडेट घ्यावं लागायचं. सी बटण दाबलं की गेमचॅट. ते यंत्र ऑनलाइन राहण्यासाठीच बनवलेलं आहे. त्यावर फ्लॅशकार्ट लावून इंटरनेटला चुकवत राहायचं, तर मग जुना स्विचच काय वाईट होता?

जुन्या हँडहेल्डवर ही डोकेदुखी नव्हती, म्हणून लोकांच्या मनात फ्लॅशकार्ट म्हणजे निरुपद्रवी गंमत असं बसलेलं आहे. माझ्याकडे अजून निन्टेन्डो डीएस लाइट आहे, त्यात आर४ नावाचं फ्लॅशकार्ट. सुरू केलं की तीन चौकोन दिसतात: गेम, मल्टिमीडिया आणि खालच्या स्लॉटचा. मूळ आर४ दोन जीबीच्या पलीकडचं कार्ड घेत नसे, आणि तेवढ्यात डीएसचे डझनांनी गेम मावायचे. डीएसला खातंच नव्हतं, त्यामुळे बॅन करायचं कुणाला? कंपनीने लढाई कोर्टात लढली. २००९ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने आर४ च्या आयात-विक्रीवर बंदी घातली, २०१० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानेही विक्रेत्याच्या विरोधात निकाल दिला. आपल्या मनीष मार्केटला या निकालांचा पत्ता लागला असेल असं वाटत नाही, तिथे ते कितीतरी वर्षं पाकिटात लटकत होतं.

थ्रीडीएसपासून, म्हणजे डीएसनंतरच्या यंत्रापासून, वारं बदललं. त्याच्या प्रत्येक कॅसेटमध्ये वेगळा हेडर, म्हणजे ओळख सांगणारी माहिती, होता आणि फ्लॅशकार्टवर सगळे एकच हेडर वापरून ऑनलाइन गेले की पकडले जात. मग ‘प्रायव्हेट हेडर’ची खरेदी-विक्री सुरू झाली, म्हणजे कुणाच्या तरी खऱ्या कॅसेटची ओळख विकत घ्यायची. सर्टिफिकेटची आजची भानगड तिथूनच आलेली आहे. मे २०१७ मध्ये तर एकदम मोठी लाट आली आणि ००२-०१०२ हा कोड दाखवत पुष्कळ थ्रीडीएस ऑनलाइनमधून बाहेर पडले. आता थ्रीडीएसची ऑनलाइन सेवाच एप्रिल २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा तो हिशेब कायमचा मिटला. त्याच काळातली आणखी एक गोष्ट फ्लॅशकार्टवाल्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांनी वाचावी. गेटवे नावाचं थ्रीडीएसचं फ्लॅशकार्ट होतं. त्याच्या नकला बाजारात आल्या म्हणून त्या लोकांनी जानेवारी २०१४ च्या फर्मवेअरमध्ये असा कोड घातला, की नक्कल आढळली तर ग्राहकाचा कन्सोलच मारून टाकायचा. तो खराखुरा ब्रिक होता. कंपनीने बॅन केलं तर निदान यंत्र सुरू तरी होतं.

ज्यांना एका कॅसेटमध्ये पुष्कळ गेम हीच हौस आहे, त्यांनी गेमबॉय ॲडव्हान्सकडे जावं. त्यासाठी युक्रेनच्या क्रिक्झचं एव्हरड्राइव्ह नावाचं फ्लॅशकार्ट मिळतं, खऱ्या कॅसेटच्याच आकाराचं. मेनू आहे, सेव्ह नीट होतात, पोकेमॉनसारख्या गेमना लागणारं घड्याळ आहे. गेमबॉय ॲडव्हान्सला इंटरनेट कशाशी खातात हे माहीत नाही, त्यामुळे बॅनचा विषयच नाही. नकली एव्हरड्राइव्ह मात्र ढिगाने विकले जातात, तेवढं बघून घ्या. लहानपणी ‘९९९९९९ इन १’ कॅसेट आणून त्यात पाच-सहाच गेम आलटून-पालटून निघालेली आमची पिढी, तिला हे वेगळं सांगायला नको.

कायद्याचंही दोन वाक्यांत. आपल्या कॉपीराइट कायद्यात कायदेशीर धारकाला संगणक प्रोग्रामची बॅकअप प्रत ठेवायची मुभा आहे, आणि त्याच कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं ६५ए कलमही आहे, ज्यात हक्कभंगाच्या हेतूने संरक्षणाचं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. अमेरिकेत टीम झेक्युटरच्या गॅरी बाउझरला २०२२ मध्ये ४० महिन्यांची शिक्षा झाली आणि भरपाईची रक्कम १ कोटी ४५ लाख डॉलर लागली, पण तो कुलूप तोडायची साधनं विकणाऱ्यांतला होता. घरात बसून स्वतःची कॅसेट डंप करणाऱ्यावर पोलीस येत नाहीत. येतो तो एरर कोड, आणि त्याला वकील लावता येत नाही.

आता पुन्हा सेकंडहँडकडे, कारण मला खरी काळजी तिथली आहे. कुणी नवी कॅसेट आणली, डंपरमध्ये घालून फाइल काढली आणि मूळ कॅसेट तुम्हाला विकली. तुमच्या हातात खरी, पेटीबंद वाटावी अशी कॅसेट. त्याच्या मिगवर तेच सर्टिफिकेट. तो ऑनलाइन गेला, तुम्ही ऑनलाइन गेलात. परदेशात हे घडलेलं आहे. २०२५ मध्येच एकाने स्थानिक जाहिरातीवरून जुन्या स्विच १ च्या कॅसेट्स घेतल्या, स्विच २ मध्ये लावून अपडेट उतरवले आणि कन्सोल बॅन झाला. त्याने कंपनीच्या ग्राहक सेवेला कॅसेट्सचे फोटो आणि खरेदीची जाहिरात दाखवली, आणि बॅन उठवला गेला. म्हणजे दाद लागते, पण कागद असेल तर. आपल्याकडे जुनी कॅसेट घेताना काय कागद असतो? यूपीआयची एक एन्ट्री, तीही ‘गेम’ असं न लिहिता केलेली.

तेव्हा स्विच २ असेल आणि जुन्या कॅसेट्स घेत असाल तर विक्रेत्याबरोबरचं चॅट जपून ठेवा, कॅसेटच्या पुढून-मागून फोटो मागवा, पैसे देताना शेऱ्यात गेमचं नाव घाला. कॅसेट डंप झालेली आहे की नाही हे तिच्याकडे बघून कळत नाही, ओरखडा पडत नाही, खूण राहत नाही. जुना स्विच २ घेत असाल तर काम सोपं आहे. पैसे द्यायच्या आधी आपल्या मोबाइलचं हॉटस्पॉट त्याला जोडा आणि त्याच्या समोरच ई-शॉप उघडा. २१२४-४५०८ आला तर चहा पिऊन घरी या. ‘सर्व्हर डाउन असेल, ताई’ हे ऐकून घेऊ नका. बॅन झालेले कन्सोल स्वस्तात विकायला निघालेले असतात आणि विकणारा गृहस्थ नेहमी घाईत असतो.

लॅमिंग्टन रोडवर मी एका दुकानात मुद्दाम विचारलं होतं की मिगने बॅन होतं का. “बॅन-बिन काही नाही मॅडम, ते ऑनलाइनवाल्यांना होतं,” असं उत्तर आलं. मी ऑनलाइन खेळत असेन असं त्याला का वाटलं नाही कोण जाणे. शेजारी उभा असलेला एक मुलगा स्विच २ ची पिशवी घेऊन हे ऐकत होता, त्याला मी बाजूला घेऊन जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. दुकानदाराला ते आवडलं नाही.

राहिला पैशाचा हिशेब. मिग साठ डॉलरला पडतं असं सगळे धरून चालतात. डंपर वेगळा, मायक्रोएसडी वेगळं, तरीही आकडा आठ-दहा हजारांच्या आत बसतो. पण कॅसेट एकदा डंप करून त्या प्रतीवर खेळलं की मूळ कॅसेट विकायची नाही, निदान मला तरी विकवणार नाही, कारण घेणाऱ्याच्या कन्सोलवर मी संकट पाठवत असेन. साडेतीन हजारांची कॅसेट बाजारात चोवीसशेला जाते असं धरलं तर दहा कॅसेट्स डंप करणं म्हणजे चोवीस हजारांची विक्री सोडून देणं. तेवढ्यात एक जुना स्विच लाइट येतो. तो खर्च कुणी मिगच्या किमतीत धरत नाही, आणि जे धरत नाहीत ते एक तर कॅसेट्स मुळात घेतच नाहीत, किंवा डंप करून खुशाल विकतात.

मी डंप केलेल्या कॅसेट्स वेगळ्या डब्यात ठेवल्या आहेत. झेल्डा, फायर एम्ब्लम, ड्रॅगन क्वेस्ट, असे मला पुन्हा-पुन्हा खेळायचे आणि कधीच न विकायचे गेम तेवढेच त्यात आहेत. बाकीच्या जशा घेतल्या तशा विकते. मिगला पाचपैकी तीन तारे. स्विच २ वाल्यांसाठी शून्य.